चोपड्याहून मेलबर्नला: एका आयटी डिप्लोमाचे बावीस महिने

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी आपले सरकार सेवा केंद्रावर मी साडेतीन वर्षं दुसऱ्यांचे अर्ज भरले. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, पीएम किसानची केवायसी. डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःसाठी अर्ज भरायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर हात थांबला. त्या वेळी मला कुणीतरी आपल्या भाषेत, तारखा आणि पैशांसकट सगळं सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी बी.कॉम. केंद्रावर काम करताना राउटर, प्रिंटर, नेटवर्क सगळं बघून-बघून शिकले. बंद पडलेलं चालू करता यायचं, पण ते का बंद पडलं होतं हे सांगता यायचं नाही. हे नीट शिकायचं होतं, हातांनी, लॅबमध्ये. कॉलेजची एक सिनियर मेलबर्नला होती. तिने तिथल्या व्होकेशनल शिक्षणाबद्दल सांगितलं. डिप्लोमा ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, कोड आयसीटी५०२२०, एकूण २० युनिट, त्यांतली ६ सक्तीची आणि १४ निवडीची. बी.कॉम.वाल्यालाही प्रवेश मिळतो हे कळलं आणि तिथेच मन बसलं.

पहिली चूक लगेच केली. एका शहरातल्या एजंटकडे गेले. त्याने कोर्सबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि पीआरबद्दल, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीबद्दल, वीस मिनिटं. "डिप्लोमा झाला की पीआर पक्की, ताई." 'रजिस्ट्रेशन' म्हणून १५,००० रुपये घेतले, पावती दिली नाही. रात्री सिनियरशी बोलले, मग ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याची साइट उघडून तीन रात्री वाचत बसले. शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करण्याचा जो व्हिसा आहे, त्यासाठी निदान ९२ आठवड्यांचं नोंदणीकृत शिक्षण लागतं. माझा डिप्लोमा ५२ आठवड्यांचा. म्हणजे एजंटचं वाक्य पहिल्याच अटीला अडत होतं. ते १५,००० परत मिळाले नाहीत. पण निर्णय स्वच्छ झाला: शिकायला जायचं आणि परत यायचं, हे धरूनच हिशेब करायचा.

एजंट घेऊच नका असं मी म्हणत नाही. पुढे मी दुसरा घेतला आणि तो बरा होता. फक्त एक माहीत असू द्या, बहुतेक एजंटांना कमिशन कॉलेज देतं. त्यामुळे तुमच्याकडून वेगळी मोठी रक्कम कुणी मागितली तर कशाची, हे लेखी विचारा. कॉलेज आणि कोर्स दोन्ही 'क्रिकॉस' या सरकारी नोंदवहीत आहेत का, हे स्वतः तपासा. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायची परवानगी त्या नोंदणीशिवाय नसते. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

पासपोर्ट जानेवारी २०२४ मध्ये काढला. नाशिकला तारीख लवकर मिळाली, फी १,५०० रुपये, पोलीस पडताळणीसह महिन्याभरात घरी आला. त्यात सांगण्यासारखं एवढंच की शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर वडिलांचं नाव एकसारखं लिहिलेलं असू द्या.

फेब्रुवारीत पुण्याला आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, दिली. ५.५ आले. तेव्हाच्या नियमाने व्हिसाला तेवढे पुरत होते, मी पेढे वाटले. २३ मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी किमान ६ लागतील असं जाहीर झालं. त्याच दिवसापासून आणखी एक बदल झाला. आधी 'मी तात्पुरती जाणार आहे' हे पटवावं लागायचं, आता 'मी खरी विद्यार्थिनी आहे' हे पटवायचं होतं. माझे ५.५ कागदावरच राहिले. एप्रिलमध्ये परत पुणे, परत फी. या वेळी रोज सकाळी केंद्र उघडायच्या आधी एक तास लिहायचा सराव केला, कारण माझं बोलणं ठीक होतं, लिहिणं कच्चं होतं. ६.५ आले. दोन्ही वेळची फी मिळून तेहतीस हजार गेले.

पैशांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडची शेतकऱ्याची पोरं इथेच अडकतात.

कॉलेजची वर्षाची फी १३,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसात लाख. शिवाय एक वर्ष राहण्या-खाण्याचे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. आमचं गणित २४,५०५ डॉलरवर बसवलेलं होतं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाच एकर केळी आहे. मला वाटलं, बँकेला सातबारा दाखवला की झालं. मॅनेजर साहेबांनी समजावून सांगितलं, साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला तारण लागतं आणि शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत. गावठाणातल्या आमच्या घराला प्रॉपर्टी कार्ड नव्हतं. शेवटी मामांनी चोपड्यातला त्यांचा एनए प्लॉट दिला. सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, स्टॅम्प मिळून अकरा हजार लागले. अठरा लाख मंजूर व्हायच्या बेताला आले.

आणि आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. शुक्रवार, १० मे २०२४. दोन्ही आत्या माहेरी आलेल्या, लिंबाला झोका बांधलेला, घरात खापरावर मांडे चाललेले. मी ओट्यावर फोन घेऊन बसले होते. एजंटचा मेसेज आला की आजपासून राहण्याच्या खर्चाची रक्कम २९,७१० डॉलर झाली. ५,२०५ डॉलर जास्त, म्हणजे आपले जवळजवळ २ लाख ९० हजार. मी कुणाला काही बोलले नाही. आईने मांडा खापरावर टाकला, तो फुगला, तिने घडी घालून माझ्या ताटात ठेवला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिने पाहिलं. संध्याकाळी नानांना सांगितलं. मोठी माय लगेच म्हणाली, "कसाले इतली दूर जास, बेटा?" नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतला पैसा कथाईन आनसूत ते मी देखस. तू फक्त सही कराना पहिले कागद वाची ले." म्हणजे, पैसे कुठून आणायचे ते मी बघतो, तू फक्त सही करण्याआधी कागद वाच.

नानांनी केळीच्या कांदेबागाच्या कटाईचे आलेले पैसे एफडीला टाकले. बँकेने कर्ज वाढवून वीस लाख केलं. पण त्यासाठी फाइल पुन्हा वर गेली आणि पाच आठवडे लागले. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून, सही-शिक्क्यासह लावलं. एक अनुभवाची गोष्ट, केळीचा पैसा खात्यात एकदम येतो. एवढी मोठी रक्कम अचानक कुठून आली, असा प्रश्न फाइल बघणाऱ्याला पडू शकतो. व्यापाऱ्याच्या पट्ट्या जपून ठेवा. मी मागच्या तीन हंगामांच्या पट्ट्या लावल्या होत्या.

जूनअखेर कॉलेजने व्हिडिओवर मुलाखत घेतली. हाच कोर्स का, हेच कॉलेज का, परत आल्यावर काय करणार. मग पहिला हप्ता ४,५०० डॉलर आणि विद्यार्थी आरोग्य विमा, म्हणजे ओएसएचसी, ६८० डॉलर भरले. पैसे भरल्यावर जे प्रवेशपत्र येतं त्याला सीओई म्हणतात, त्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही. माझं सीओई बुधवारी ३ जुलैला आलं. १ जुलैपासून व्हिसाची फी ७१० डॉलरवरून १,६०० झाली होती. दोन दिवसांच्या उशिरापायी पन्नास हजार रुपये जास्त गेले. त्या रात्री मी जेवले नाही. पुढे १ जुलै २०२५ पासून तर ती फी २,००० डॉलर झाली. ही फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. आणि तिथले बदल बरेचदा १ जुलैला लागू होतात, कारण त्यांचं आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं. तुमची फाइल जूनमध्ये तयार होत असेल तर प्रत्येक दिवस धरून ठेवा.

अर्जात प्रश्न असतात. तुमची सध्याची परिस्थिती, घरच्यांशी-गावाशी असलेलं नातं, हा कोर्स का, त्याचा पुढे फायदा काय. प्रत्येक उत्तराला फक्त १५० शब्द. मी आधी पाच पानं लिहिली होती. मग सगळं काढून टाकलं आणि खरं तेवढंच ठेवलं: केंद्रावर रोज किती लोक येतात, नेट बंद पडलं की रांग कशी थांबते, तालुक्यात नेटवर्कचं काम करणारा माणूस किती लांबून बोलवावा लागतो. एजंटने तयार मजकूर पाठवला होता, त्यात मी 'लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड' असलेली होते. तो वापरला नाही. ५ जुलैला अर्ज भरला.

वैद्यकीय तपासणीला मुंबईला जावं लागलं, त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे. अमळनेरहून रात्रीची गाडी, सकाळी आठची वेळ. मूळ पासपोर्ट आणि एचएपी आयडीचा, म्हणजे तपासणीसाठी मिळालेल्या क्रमांकाचा, कागद हवाच, झेरॉक्सवर आत घेत नाहीत. छातीचा एक्स-रे, लघवी, वजन-उंची, डोळे. साडेसहा हजार. अहवाल ते थेट ऑनलाइन पाठवतात.

मग थांबणं. ८१ दिवस. डिसेंबर २०२३ पासून तिथे कॉलेजच्या जोखमीनुसार अर्जांचा क्रम लावत होते, त्यामुळे व्होकेशनलवाल्यांचे अर्ज मागे राहत होते. ऑगस्टमध्ये बातमी आली की तिकडच्या सरकारने दीडशेहून जास्त निष्क्रिय प्रशिक्षण संस्था बंद केल्या. मी तासाभरात चार वेळा माझ्या कॉलेजची नोंदणी तपासली. फेब्रुवारीतच दुसऱ्या मुलीला केंद्राचं काम शिकवायला घेतलं होतं, तिला हळूहळू सगळं सोपवत होते. गावात रोज कुणीतरी विचारायचं, "का वं, कधी जास?" मी उत्तर देणं बंद केलं. ते दिवस मला तपासण्या-परीक्षांपेक्षा जड गेले. एक केलं ते बरं झालं: ईमेल दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळी सातला आणि दुपारी एकला. त्यांचं कार्यालय आपल्या दुपारी बंद होतं, रात्री बघून उपयोग नसतो.

२४ सप्टेंबरला सकाळी सात वाजता पत्र आलं. पासपोर्टवर शिक्का नाही, फक्त पीडीएफ. पहिल्या पानावर 'ग्रँट' वाचलं आणि नानांनी सांगितलं होतं तसं पुढची पानं वाचायला बसले. अटींना नंबर असतात. ८१०५, पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नाही. ८२०२, अभ्यासात समाधानकारक प्रगती हवी. ८५०१, विमा चालू हवा. ८५३३, पोचल्यापासून सात दिवसांत राहण्याचा पत्ता कॉलेजला कळवायचा. हे चार नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

२ ऑक्टोबरला निघाले. आईने बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला, उडदाचे पापड दिले. सिनियरच्या सासूबाईंनी भरिताच्या वांग्याचं बी मागवलं होतं, ते आमच्या शेजारच्या काकांनी कागदाच्या पुडीत बांधून दिलं. विमानात जो कार्ड-फॉर्म देतात त्यावर मी खाण्याच्या आणि बियांच्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' लिहिलं. मेलबर्नला अधिकारी बाईंनी पिशवी उघडायला सांगितली. बिबड्यांची चळत हातात घेऊन उजेडाकडे धरली, हे काय, असं विचारलं. मी म्हटलं, ज्वारीचं, वाळवलेलं, तळून खायचं. त्यांनी परत ठेवली. पुडी उघडली, ते चपटे पिवळसर दाणे तळहातावर घेतले आणि मान हलवली. बी त्यांनी काढून घेतलं. दंड नाही, ओरडणं नाही, कारण मी आधीच लिहून दिलं होतं. न लिहिता सापडलं असतं तर दंड झाला असता, व्हिसाही धोक्यात आला असता. लपवू नका, एवढंच.

मेलबर्नच्या टार्नेट या उपनगरात तीन मुलींबरोबर खोली मिळाली, आठवड्याला १७० डॉलर. तिथे भाडं आठवड्याचं सांगतात, महिन्याचं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वस्त वाटलं होतं. खोली न बघता ऑनलाइन डिपॉझिट भरू नका, आमच्या बॅचच्या एका मुलाचे ६०० डॉलर असेच गेले. पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, तिथलं घड्याळ एक तास पुढे गेलं. घरी फोन करायचं गणित साडेचार तासांचं होतं ते साडेपाच झालं. दुसऱ्या दिवशी पहिला वर्ग होता.

अभ्यासाबद्दल. मार्क नसतात. प्रत्येक युनिटला तुम्ही 'कॉम्पिटंट' असता किंवा 'नॉट यट कॉम्पिटंट'. पाठांतराला वाव नाही. लेखी प्रश्न, एक प्रकल्प आणि शिक्षकांसमोर करून दाखवायचं काम, तिन्ही जमलं तरच युनिट पूर्ण. आठवड्याला वीस तास वर्ग. वर्गात नेपाळ, कोलंबिया, श्रीलंका, पंजाब असे सगळीकडचे.

ग्राहकाच्या अडचणी सोडवण्याचं एक युनिट होतं. शिक्षक स्वतः ग्राहक झाले, चिडलेले, "तीन दिवस माझे ईमेल येत नाहीत." मला उत्तर येत होतं. मी लगेच सेटिंग उघडायला सांगितलं, पोर्ट नंबर सांगितला, चार मिनिटांत काम संपवलं. निकाल: नाही. टिपणी अशी होती की ग्राहकाला एकही प्रश्न विचारला नाही, अडचण नेमकी काय हे त्याच्याकडून पक्कं करून घेतलं नाही, काम झालं का हे शेवटी विचारलं नाही. मला रडू आलं. घरी येताना ट्रेनमध्ये बसले आणि केंद्रावरचे म्हातारे बाबा आठवले. "पैसा उना नही," एवढंच म्हणत यायचे. तेव्हा मी काय करायचे? आधी बसवायचे, पाणी द्यायचे, मग विचारायचे, बाबा, खातं कोणत्या बँकेत, आधार जोडलं का, मागचा हप्ता आला होता का. हे मला येत होतं, मराठीत. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या प्रयत्नात मी तेच इंग्रजीत केलं. पास झाले.

दुसरं युनिट मनाला लागून राहिलं: गोपनीयता आणि नीतीचं. तिथे १९८८ चा प्रायव्हसी ॲक्ट आहे, त्यातली १३ तत्त्वं आम्हाला प्रत्यक्ष उदाहरणांवर लावायची होती. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, काम संपलं की नष्ट करायची. लिहिता लिहिता मला केंद्रावरच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप दिसला. 'आधार' नावाचं फोल्डर, साडेतीन वर्षांतल्या शेकडो लोकांच्या प्रती, पासवर्ड नाही. मीच ठेवल्या होत्या, पुढच्या वेळी लोकांना परत आणायला लागू नयेत म्हणून. त्या रात्री केंद्र चालवणाऱ्या मुलीला फोन केला आणि ते फोल्डर पुसायला लावलं, रिसायकल बिनसकट. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाने आपलं असं फोल्डर आजच बघावं.

नेटवर्कची युनिट मात्र सुखाची होती. स्विच, व्हीलॅन, फायरवॉल, सगळं लॅबमध्ये हाताने. बिघाड मुद्दाम करून ठेवायचे आणि शोधायला सांगायचे. जे केंद्रावर अंदाजाने करायचे त्याची कारणं एकेक करून कळत गेली.

कामाचं सांगते. पहिलं काम एका खाण्याच्या दुकानात मिळालं. तीन दिवस 'ट्रायल' म्हणून फुकट, मग तासाला १६ डॉलर रोख. तेव्हा किमान वेतन २४.१० होतं, कायम नसलेल्या कामगाराला पाव भाग जास्त, म्हणजे ३०.१३. मला हे माहीत होतं तरी मी पाच आठवडे केलं, कारण भाडं द्यायचं होतं. मग सोडलं. टीएफएन, म्हणजे तिथला कर क्रमांक, फुकट मिळतो, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि नोकरी देणारा 'टीएफएन नको, एबीएन (धंद्याचा क्रमांक) काढ' म्हणाला तर सावध व्हा. तो तुम्हाला ठेकेदार दाखवून हक्काचं वेतन आणि विमा टाळत असतो. पुढे पहाटे पाचला ऑफिसं साफ करायचं काम मिळालं, पूर्ण पगार, पगारपत्रकासह. मी ४८ तासांची नोंद वहीत ठेवायचे. सुट्टीच्या काळात मर्यादा नसते, तेव्हा जास्त काम केलं.

एप्रिलमध्ये दोन युनिट मागे राहिली. आजारी पडले होते, आणि सकाळचं काम करून वर्गात डोळे मिटत होते. कॉलेजचं इशारापत्र आलं. घाबरून लपवायच्या ऐवजी विद्यार्थी सहायकांकडे गेले, डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यांनी लेखी योजना करून दिली, कोणतं काम कोणत्या तारखेला. पत्र आलं म्हणजे व्हिसा गेला असं नसतं. पत्राला उत्तर दिलं नाही तर मात्र प्रकरण पुढे कळवलं जातं.

३० एप्रिलला २०२५ ची आखाजी होती. आईने व्हिडिओवर झोका दाखवला.

३ ऑक्टोबर २०२५ ला शेवटचं युनिट पूर्ण झालं. काम आणि फी पूर्ण असेल तर कॉलेजने ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं असतं. मला २१ व्या दिवशी मिळालं. त्यासाठी यूएसआय नावाचा विद्यार्थी क्रमांक लागतो, तोही फुकट, पोचल्यावर लगेच काढून ठेवा.

हिशेब: निघण्याआधी कॉलेजची फी सोडून साधारण २ लाख ४० हजार खर्च झाले, त्यात एजंटचे १५,००० आणि दुसऱ्यांदा दिलेली परीक्षाही आली. वीस लाख मंजूर होते, उचलले अकरा. मंजूर झालं म्हणून सगळं उचलू नका. आता मी घरी आहे, जळगावला नेटवर्कच्या कामाची नोकरी लागली आहे, पगार २६,००० आहे. कर्ज फिटायला वेळ लागेल हे मला आणि नानांना दोघांनाही माहीत आहे.

एक अर्ज अजून राहिला आहे. तिथे पगारासोबत मालक निवृत्ती निधी भरतो, देश सोडल्यावर आणि व्हिसाची मुदत संपल्यावर तो कर कापून परत मागता येतो. माझी रक्कम मोठी नाही, पण माझी आहे. कागद काढून ठेवलेत, मुदत संपली की भरेन. काल नानांनी ते पाकीट उघडून मला समोर बसवलं आणि प्रत्येक पान वाचून दाखवायला सांगितलं.